लायडारचे आलेख आणि नाशिकची ‘सरासरी’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तिरुपतीजवळचे गादंकी १३.५ अंश उत्तर अक्षांशावर, माउंट अबूचे गुरुशिखर २४.६ वर आणि आपले नाशिक २० वर, जवळपास मधोमध. त्यामुळे पहिल्या दोन ठिकाणी रॅले लायडारने (लेसर आकाशात सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून वरच्या हवेचा अंदाज घेणाऱ्या उपकरणाने) काढलेली ३० ते ८० किमी उंचीवरची तापमाने शेजारी मांडायची, फरक अक्षांशाच्या खाती टाकायचा आणि सरासरीला ‘नाशिकचे तापमान’ म्हणायचे, असा मोह विद्यार्थी-प्रकल्पांत सहज पडतो. कृपया तो टाळावा.

लायडार तापमान थेट मोजत नाही. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचा स्पंद वर सोडला की हवेच्या रेणूंवरून परतणारे फोटॉन (प्रकाशकण) मोजले जातात. त्या संख्येला अंतराच्या वर्गाने गुणले की सापेक्ष घनता मिळते. मग वरून खाली दाबाची बेरीज करत तापमान काढतात. साधारण ३० किमीखाली धूलिकण असल्याने ही रीत चालत नाही.

खरी गोम आलेखाच्या माथ्यावर आहे. ४० किमीवरून जेवढे फोटॉन येतात त्याच्या आठ-नऊशे पट कमी ८० किमीवरून येतात आणि तिथला दाब वातावरणाच्या प्रतिमानातून (गणिती मॉडेलमधून) उसना घ्यावा लागतो. तो १० टक्के चुकला तर तापमान तिथे सुमारे २० केल्विनने चुकते. १५ किमी खाली आल्यावर ही चूक दोनेक केल्विनच उरते. म्हणून वरचे १५ किमी तुलनेतून सरळ वगळावेत. नाहीतर तुलना होते ती उसन्या प्रतिमानांची.

चंद्राचा आणि शहराचा उजेड १०० किमीपलीकडच्या मोजणीवरून ठरवून वजा करतात. तो कमी वजा झाला तर माथा खोटाच उबदार दिसतो. खालच्या टोकाला जोरदार संकेतामुळे काही फोटॉन मोजायचे राहतात, तिथेही तापमान फुगते. आणि गुरुशिखर समुद्रसपाटीपासून सुमारे १.७ किमी उंच आहे. ती उंची मिळवायची राहिली तर सबंध आलेख तेवढा खाली घसरतो.

ऋतूंचे काय? विषुववृत्ताजवळ स्थितांबर या वातावरणाच्या थराच्या वरच्या भागात सहामाही चढउतार ठळक असतो, उत्तरेकडे वार्षिक चढउतार बळावतो. अशा दोहोंची सरासरी कुठल्याच गावची नसते. शिवाय पावसाळ्यात ढगांमुळे निरीक्षणे फारशी मिळत नाहीत, तेव्हा दोन्हीकडचे तेच महिने घ्यावेत.

आपल्या विज्ञान पानावर असा आलेख छापताना महिने, केंद्राची उंची, गणनेची सुरुवातीची उंची आणि वापरलेले प्रतिमान एवढे चार तपशील खाली द्यावेत, ही विनंती.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक, नाशिक