फॉरमॅट करण्याआधी लिनक्स लावून पाहा

संपादक महोदय,

गिरगावातल्या आमच्या चाळीचं छोटं वाचनालय मी सांभाळते. शाळेतून निवृत्त झाल्यावर चार हजारांवर पुस्तकांची नोंद मी एकटीने एक्सेलमध्ये केली. त्यात दोन वर्षं गेली. गेल्या महिन्यात एका सभासदाने झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह आमच्या संगणकाला लावला. दुसऱ्या दिवशी ‘पुस्तके’, ‘सभासद’, ‘वर्गणी’ हे फोल्डर गायब, त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, ‘‘फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही.’’ माझ्या पोटात गोळाच आला.

भाचा म्हणाला, ‘‘मावशी, फॉरमॅटला हो म्हणू नकोस.’’ रविवारी तो लॅमिंग्टन रोडवरून आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन आला. घरी त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, टाकून घेतलं आणि आमचा संगणक त्या पेन ड्राइव्हवरूनच चालू केला. हार्ड डिस्कला हात न लावता पडद्यावर सगळं उभं राहिलं. हार्ड डिस्क उघडली, तर तिन्ही फोल्डर जागच्या जागी! व्हायरसने काही पुसलंच नव्हतं. फोल्डरवर फक्त ‘हिडन’ची खूण केली होती. विंडोज ती खूण पाळतं, लिनक्स तिच्याकडे बघत नाही. शिवाय विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस तिथे चालतच नाही. मी एकेक फाइल उघडून पाहिली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्यावरच जुनं विंडोज काढून लिनक्स बसवलं. त्याला पैसे पडले नाहीत. नोंदवही आता एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. त्रास झाला तो जुन्या मराठी फॉन्टचा. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत, नसल्याने सभासदांच्या याद्या बदलून घ्याव्या लागताहेत. टायपिंगचं आमचं जुनं सॉफ्टवेअरही लिनक्सवर चाललं नाही, म्हणून मी या वयात इन्स्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड शिकते आहे. आणि खंडणी मागणाऱ्या व्हायरसने फाइलींना कुलूप घातलं असेल, तर ते नुसत्या लिनक्सने उघडत नाही, हेही सांगायला हवं.

आमच्या मशीनवर विंडोज ७ होतं. त्याचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारी सुरक्षेची अपडेट्स, १४ जानेवारी २०२० रोजीच संपला होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. विंडोज १०चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. मुंबईतल्या किती मंडळांच्या, सोसायट्यांच्या कपाटांशेजारी अशी मशीनं असतील! त्यांतल्या याद्या, हिशेब, जुने फोटो दुसरीकडे कुठेच नसतात. दुरुस्तीच्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे: लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह गल्ल्यापाशी तयार ठेवा, आणि गिऱ्हाइकाच्या फाइली त्यावरून दिसतात का ते पाहिल्याशिवाय फॉरमॅटचं नाव काढू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव, मुंबई