आमच्या होडीचा तळ सावरणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण हे आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीसाठी फायबरची जुनी एंटरप्राइज ही शिडाची छोटी होडी घेतली. सव्वातेरा फुटी, निळ्या शिडांची. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत वारा जरा वाढला की डोलकाठीजवळचा तळ लपलपायचा. पाय दिला की खाली जायचा, उचलला की वर यायचा. एका कारखान्यात दाखवली, तर त्यांनी चिरेवर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत वरचा थर, मारून चकाचक करून दिली. महिन्याभरात त्याच जागी पुन्हा चीर. लेकीला त्या होडीतून सोडायची मला भीती वाटू लागली होती.

मग एप्रिलमध्ये तुमच्या शेडवर आलो. तीन होड्या आधीच उभ्या होत्या आणि प्रत्येकाला घाई होती, कारण 1 जूनपासून मासेमारी बंद. तरी तुम्ही हातातलं काम ठेवलंत, खिशातून नाणं काढलंत आणि तळावर टकटक करत निघालात. चांगल्या जागी टणक आवाज, सुटलेल्या जागी बद्द. बद्द वाजलं की खडूने गोल. पंधरा मिनिटांत सगळा आजार डोळ्यांसमोर होता: आतल्या प्लायच्या पट्ट्या कुजून तळापासून सुटल्या होत्या. ब्रिटिश होडीरचनाकार जॅक होल्ट यांनी 1956 साली ही होडी आखली ती प्लायवूडसाठी, म्हणून तिचा तळ सपाट. फायबरला गोलाई मिळाली तर ते आपोआप ताठ राहतं, सपाट फायबरला आतून आधार लागतो. तो आधारच गेला होता.

मला वाटत होतं, तळावर मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चादरीचे, चार थर वाढवले की झालं. तुम्ही म्हणालात, "वजन वाढेल, पोरीला ओढवणार नाही. उंच पट्ट्या घालूया." पट्टीची उंची दुप्पट केली की ताठपणा जवळजवळ आठपट होतो, हे मी पुस्तकात शिकलो होतो. हाताला ते तुमच्या शेडमध्ये कळलं.

पट्ट्यांच्या आत भरायला मी थर्माकोल आणला होता. तुम्ही काही न बोलता एका तुकड्यावर चमचाभर रेझिन, मॅट भिजवून घट्ट करणारा चिकट द्रव, ओतलंत. बघता बघता तो खचला आणि चिकट लगदा उरला. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. ते पट्टीच्या आत घडलं असतं तर? मग रेझिनमध्ये न विरघळणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणला.

पुढचे दोन रविवार नुसतं घासणं. कोरी काच दिसेपर्यंत ग्राइंडर, मग अ‍ॅसिटोनचा फडका. अंगभर काचेची खाज. मी कंटाळलो की तुम्ही स्वतः ग्राइंडर हातात घ्यायचात. जुन्या फायबरवर नवं धरतं ते या घासण्यामुळेच, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत!

कोपऱ्यांत लांबी (पुटी) भरून गोलाई दिली, कारण मॅट काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते. मग 450 ग्रॅमच्या मॅटचे तीन थर: पहिला तळावर दोन इंच उतरलेला, दुसरा तीन, तिसरा चार. पट्टीची टोकं तुम्ही उतरती करायला लावलीत. एकदम तोडली असती तर ताण तिथेच साचून नवी चीर पडली असती. पाणी साचू नये म्हणून पट्ट्यांखाली भोकंही ठेवलीत. उन्हामुळे किलोभर रेझिनला ते घट्ट करणारं हार्डनर जेमतेम 10 ग्रॅम आणि एका वेळी छोटं डबडंच. घट्ट होण्याचा वेग वाढवणाऱ्या कोबाल्टची बाटली हार्डनरपासून लांब, शेडच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही थेट एकमेकांत पडली तर भडका उडतो, हे लेकीला तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. आता घरी ती मला बजावते.

आणि डोलकाठीची बैठक! तिथे तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. सगळा दाब तिथेच उतरतो, म्हणून तो थर तुम्ही एकट्याने, रोलरने हवेचा एकेक बुडबुडा काढत घातलात. दुपारचे अडीच वाजले होते, तुम्ही जेवलाही नव्हता.

मालाचे पैसे घेतलेत, रविवारांचे घेतले नाहीत. त्याची परतफेड कशी करायची, मला ठाऊक नाही.

परवा चांगला वारा होता. लेक काठावर बाहेर झुकून बसली होती, शीड तट्ट फुगलेलं. मी आत हात टेकून होतो. तळ हलला नाही. या रविवारी सकाळी भरती आहे, तुम्ही अजून तिच्यात बसला नाहीत. या. तुमची जागा तिने डोलकाठीपाशी ठेवली आहे.

तुमचा,
लेकीचा बाबा