आईच्या गुडघ्यांसाठी पाहिलेली वाट

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल रविवारी वेल्समध्ये गावर द्वीपकल्पावर जाऊन आले. स्वान्सीहून बसने पार्कमिलला उतरले आणि ओढ्याच्या कडेकडेने थ्री क्लिफ्स बेपर्यंत चालत गेले. कोजागिरी होऊन दोनच दिवस झाले होते. बाबा, म्हणजे उधाण. तुमचा हिशोब इथेही चालतो. आपल्याकडे पाणी दोन-तीन मीटर चढतं-उतरतं, इथे उधाणाला आठ मीटरांच्याही वर. सुकती दुपारी एकच्या सुमाराला होती, म्हणून अकरालाच निघाले.

आधी झाडीतली वाट. आई, ओल्या पातेऱ्याचा वास आला आणि मी थांबलेच. तू आंब्याखालचा पातेरा गोळा करायचीस तेव्हा यायचा, अगदी तोच. इथे मात्र पानं ऊन कमी झाल्यामुळे गळतात, आणि उतारावरचा सगळा नेचा गंजाच्या रंगाचा झालेला. झुडपांवर उशिराच्या चार ब्लॅकबेरी होत्या, आंबट.

झाडी संपली की वर पेनार्डचा पडका किल्ला दिसतो. तो शत्रूने पाडला नाही, वाळूने घेतला. वारा समुद्रावरून वाळू आणत राहिला आणि 14व्या शतकाच्या अखेरीपर्यंत माणसं किल्ला सोडून गेली. बाबा, मला आपला वाडीतला सुरूचा पट्टा आठवला. आजोबांनी तो का लावला, ते तिथे उभं राहिल्यावर नीट कळलं.

पुढे ओढा दगडांवरून ओलांडायचा. मी तो दोनदा ओलांडला, एकदा माझ्यासाठी, एकदा तुझ्यासाठी, आई, तुझ्यासारखं एकेक पाऊल जोडत. दगड ओले असतात आणि धरायला काही नाही. मला तुला तिथून न्यायचं नाही. पलीकडे तीन टोकांचा चुनखडीचा कडा आहे, त्याला आरपार कमान. सुकतीला तिच्यातून चालत जाता येतं. मी गेले. पण सगळा वेळ वाटत होतं, ही वाळू पहिल्यांदा मी एकटीने बघायला नको होती.

परतताना दुसरी वाट पाहून ठेवली. साउथगेटपर्यंत गाडी जाते, आणि तिथून कड्याच्या माथ्यावरून बरीचशी सपाट वाट आहे. वरून अख्खी खाडी दिसते. तू तिथे बसायचं. बाबांना मी खालून, ओढ्याने आणीन. तुला आम्ही वाळूवर दिसू.

बाबा, पुढच्या वर्षी तरी कापणी काकांवर सोपवा. एक हंगाम तुम्ही बांधावर उभे नसलात तरी भात घरी येईल. तुम्ही दरवर्षी 'बघू' म्हणता आणि मी दरवर्षी तिकिटांचे दर बघते.

आई, गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून ठेव. आणि कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात दोघांचे पासपोर्ट आहेत, त्यांची मुदत बघून या रविवारी फोनवर सांग.

तुमची,
लेक