फळ्यावरची दरी

रामबाग, इंदूर

प्रिय मंदे,

परवा फोनवर तू विचारलंस, "कसं झालं गं?" आणि मी "छान झालं" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला आणि माझं मलाच कसंतरी वाटलं. ज्या मैत्रिणीबरोबर तीस वर्षं एका स्टाफरूममध्ये डबा खाल्ला, तिला असं उत्तर देतात का? म्हणून आज सकाळी यांना पोहे दिले आणि लिहायलाच बसले.

काश्मीरच्या या सहलीतून तू ऐनवेळी माघार घेतलीस याचा राग नाही. पण "आता या वयात कुठे" हे तुझं वाक्य वाटेत मनातून जाता जाईना, तेव्हा जे जसं झालं तसं सगळं सांगते. अवघड होतं तेही सांगते.

प्रवासाची तुला फार धास्ती होती, ती आधी काढून टाक. आपली मालवा एक्सप्रेस महूहून सुटते ती थेट कटऱ्याला. कटऱ्याला रात्र काढली आणि पुढे वंदे भारतने तीन तासांत श्रीनगर. चिनाबचा पूल नदीपासून ३५९ मीटर उंच आहे आणि १,३१५ मीटर लांब. गाडीत बसून पूल काही दिसत नाही, दिसते ती खाली खोल गेलेली हिरवट रेघ. ती रेघ म्हणजे चिनाब, हे कळेपर्यंत पूल संपलासुद्धा! श्रीनगरहून सोनमर्ग ऐंशी किलोमीटर. गगनगीरला साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालाय. पूर्वी हिमस्खलनामुळे हा रस्ता हिवाळ्यात बंद व्हायचा आणि अख्खं सोनमर्ग रिकामं होऊन लोक खाली उतरायचे.

आणि मंदे, त्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि समोर आपला फळा उभा!

खरंच सांगते. नववीला भूगोल शिकवताना आपण दोघी दर वर्षी फळ्यावर दोन दऱ्या काढायचो, आठवतं? नदीने कापलेली 'व्ही' आणि हिमनदीने खरवडलेली 'यू'. गगनगीरपर्यंत सिंध नदी अरुंद घळीतून आदळत येते आणि सोनमर्गला तीच दरी एकदम रुंद, तळाशी सपाट, दोन्ही बाजूंना ताठ भिंती. आयुष्यभर काढलेली आकृती, आणि मी ती पहिल्यांदा बघत होते, बासष्टाव्या वर्षी. डोळे भरून आले माझे. भाची म्हणाली, "मावशी, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, धडा आठवला."

ही सिंध म्हणजे सिंधू नव्हे बरं का, ही पुढे शादीपूरला झेलमला मिळते. आपल्याकडे कालीसिंध आहे, ग्वाल्हेरच्या बाजूला आणखी एक सिंध आहे, नकाशाच्या पेपरात पोरं नेहमी गोंधळायची. आणि सोनमर्गमधलं 'मर्ग' म्हणजे आपला मार्ग नव्हे, काश्मिरीत मर्ग म्हणजे कुरण.

बाजाराबद्दल फार लिहीत नाही. हॉटेलांची गर्दी, पत्र्याची छपरं, घोडेवाल्यांची ओढाताण, त्यात अमरनाथचे यात्रेकरू, कारण बालटाल तिथून पंधराच किलोमीटर. पण उंचीची सवय व्हावी म्हणून दोन दिवस तिथे थांबलोच. सोनमर्गच २,७०० मीटरच्या वर आहे. एका सकाळी थाजीवासची हिमनदी बघायला गेलो. घोडा केला नाही, तीन-चार किलोमीटर चालतच गेलो. बर्फ आता वर सरकलाय, खाली उरलाय तो हिमोढ. दगड, वाळू, माती असं सगळं एकत्र टाकून दिल्यासारखं, त्यात प्रतवारी अशी नाहीच. नदी गाळ निवडून ठेवते आणि हिमनदी एकजात टाकते, हे वाक्य मी किती वेळा लिहून दिलंय! तिथे वाकून मूठभर उचललं, तर हातात पिठासारखी माती आणि लिंबाएवढा धोंडा बरोबरच आले.

तिथून पुढे चालणं. पूर्ण वाट सोनमर्गहून विशनसर, किशनसर, गडसर, सतसर अशी तळी करत गंगाबलच्या तळ्याला जाते आणि हरमुख शिखराच्या पायथ्याने नारानागला उतरते. आम्ही ती सगळी केली नाही. विशनसरपर्यंत गेलो, तिथे दोन रात्री राहिलो आणि त्याच वाटेने परतलो. पहिल्याच दिवशी आमच्या मागून आलेला एक तरुणांचा जथा सगळी तळी 'करून' गेला. मला मात्र एकाच तळ्याची सकाळ, दुपार, संध्याकाळ बघायची होती आणि त्याची मला अजिबात हळहळ नाही.

चढ कठीण आहे, खोटं कशाला बोलू? पहिले दोन तास दम लागून जीव नकोसा झाला. मग भूर्जांचं रान लागलं. तू पुस्तकात भूर्जपत्र वाचलंयस, मीही वाचलं होतं. झाडाची साल पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटते, बाहेरून पांढरी, आतून गव्हाळ, आणि तीवर आडव्या बारीक रेघा असतात, जणू कुणी लिहायलाच आखून दिल्यात. जुन्या काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथ्या याच सालीवरच्या. खाली पडलेला एक तुकडा मी वहीत ठेवलाय. बॉलपेनने त्यावर तुझं नाव लिहिलं, सुरेख उमटलं.

दुसऱ्या दिवशी निचनाईची खिंड, ४,००० मीटरच्या वर. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास. वाटाड्याने एकच नियम सांगितला होता, चालता चालता बोलता येईल इतक्याच चालीने चढायचं. बोलणं तुटलं की थांबायचं. मी वीस पावलं टाकायची, थांबायची, परत वीस. खिंडीखाली बर्फाचे मळकट पट्टे होते, त्यांवरून जाताना त्याने हात धरला. वर पोचले तेव्हा डोकं ठणकत होतं, पण उभी राहिले आणि तुझी इतकी आठवण झाली! अगं, ती खिंड म्हणजे जलविभाजक. अलीकडचं पाणी सिंधला, पलीकडचं किशनगंगेला. आपण पोरांना जानापावच्या डोंगरावर न्यायचो ना, उत्तरेकडचा पाऊस चंबळेतून गंगेकडे आणि दक्षिणेकडचा चोरलमधून नर्मदेला, असं दोन्ही हात पसरून तू दाखवायचीस. तशीच मी त्या खिंडीत हात पसरून उभी राहिले. फरक एवढाच की इथे दोन्ही पाणी शेवटी झेलममध्येच जातं, सिंध शादीपूरला आणि किशनगंगा पार मुजफ्फराबादला.

विशनसर ३,७०० मीटरच्या आसपास. रंग कसा सांगू? सकाळी पोपटी, दुपारी निळा, ढग आला की शिसवी. हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ पाण्यात तरंगतं म्हणून हा रंग येतो, हे तुला ठाऊक आहे, पण ठाऊक असूनही मी तासभर नुसती बघत बसले. काठाला पाणी इतकं नितळ की आधी दगडांवर माशाची सावली दिसायची आणि मग मासा. ट्राउट. तो इथला मूळचा नव्हे, १९०० च्या सुमारास इंग्रजांनी विलायतेतून अंडी आणून सोडला. गळ टाकायला परवाना लागतो. तिसऱ्या दिवशी जरा वर किशनसरला जाऊन आलो, ते अधिक एकटं आणि अधिक गार.

काठाजवळ बकरवालांचा, म्हणजे शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या लोकांचा, डेरा होता. एका बाईने बोलावून मक्याची भाकरी आणि मिठाचा चहा दिला. भाकरी तिने तव्यावर हातानेच फिरवली, बोटं भाजत नव्हती तिची. भाषा एकमेकींची येत नव्हती. मी पिशवीतून आपलं जिरावण, पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, काढलं, उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरून तिला दिलं. तिने चाटून बघितलं, हसली आणि ओढणीचं टोक पुढे केलं. अख्खी पुडी तिच्या पदरात ओतली मी.

एक वाईट अनुभव: ज्यांच्याकडून तंबू आणि झोपायच्या पिशव्या भाड्याने घेतल्या, त्यांनी एक पिशवी ओली दिली. पहिली रात्र मी थंडीने कुडकुडत काढली आणि दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी थोडी त्यामुळेही असावी. तेव्हा भाड्याचं सामान खाली असतानाच उलगडून, हात घालून बघायचं. मी ते केलं नाही.

हे वर आलेच नाहीत. पाच दिवस सोनमर्गलाच राहिले, सकाळी नदीकाठी फिरायचे, दुपारी लंगरमध्ये जाऊन यात्रेकरूंना पाणी द्यायचे. चांगले टवटवीत झालेत. म्हणजे गुडघ्याने नाहीच म्हटलं तरी तुझं अडणार नाही. खाली यांना सोबत होईल, आणि ती 'यू' तर बोगद्यातून बाहेर पडताच दिसते.

पण मला वाटतं, तू विशनसरपर्यंत येशील. पुढच्या जुलैला जाऊ. मालवाचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, ते माझ्याकडे लागलं. दिवाळीला माहेरी येशीलच, तर येताना चालायचे बूट घेऊन ये. पाडव्यानंतरच्या रविवारी पहाटे जानापावला जाऊ, हळूहळू, बोलत बोलत.

तुझी,
कुंदा