मदतीच्या नाटकाचा हिशेब पडदा उठण्याआधी ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, मंडईचा (गावजत्रेचा) हंगाम लागतो आणि त्यासोबत कुणाच्या ऑपरेशनसाठी, कुठे वाचनालयासाठी अशी मदतीची नाटकंही जाहीर होतात. पोस्टरवर जुन्याजाणत्या कलावंताचा फोटो सगळ्यात मोठा, कारण गर्दी त्याच्या नावावर येते. गुरनोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ ची पद्मश्री मिळाली ती ५ हजारांवर प्रयोग आणि ८०० भूमिकांनंतर. एवढ्या रात्री ज्याच्यासाठी जागल्या, त्याच्या शब्दाखातर माणूस खिशात हात घालतोच. म्हणून अशा प्रयोगाचा हिशेब साध्या नाटकापेक्षा कडक हवा, असं मंडळांची कामं पाहणाऱ्या आम्हा मंडळींचं म्हणणं आहे.

समजा, एका रुग्णाच्या मदतीसाठी वडशाच्या नाटक कंपनीशी ७० हजारांत ठरलं. बिछायत, कनात, मंच २० हजार. जनरेटर, पोस्टर, प्रचाराची गाडी १० हजार. झाले १ लाख. तिकीट १०० रुपयांचं, म्हणजे हजारावं तिकीट फाटेपर्यंत रुग्णाच्या नावानं एक रुपया जमत नाही. त्यात पुढाऱ्यांचे फुकट पास, कनातीखालून घुसणारी पोरं आणि त्याच रात्री शेजारच्या गावी शंकरपटानिमित्त (बैलांच्या शर्यतीनिमित्त) दुसरं नाटक. अलीकडे वाघाच्या धास्तीनं लांबच्या गावचा प्रेक्षकही कमी झाला आहे. म्हणजे तिकिटावर मदत उभी राहील ही आशाच सोडावी. तिकिटातून खर्च निघावा आणि मदत वेगळ्या पावतीपुस्तकावर, वेगळ्या डब्यात जमावी. दोन्ही पैसे एका पेटीत पडले की पहाटे बिछायतवाला आधी हात पुढे करतो आणि देणगीतून त्याचं बिल भागतं. चोरी कुणीच केलेली नसते, तरी रुग्णाच्या घरी काही पोचत नाही.

बक्षिसाचा घोळ तर नेहमीचा. लावणी रंगली की नोटा येतात, नाव पुकारलं जातं. हे पैसे कलावंताचे की निधीचे? इसार देतानाच कंपनीशी बोलून लिहून घ्यावं. आमच्या मते बक्षिसाला हात लावू नये. ऑर्गन-तबल्यावर बसणारे आणि नाचणाऱ्या मुली यांचा हंगाम होळीपर्यंतच. पावसाळ्यात यातले कितीतरी जण धानाच्या रोवणीच्या मजुरीला असतात. ज्येष्ठ कलावंत फुकट येईल असंही गृहीत धरू नये. त्याला मानधन द्यावं, परत करायचं की नाही ते तो ठरवेल. आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाची एंट्री रात्री अडीचला ठेवू नका, पहिल्या अंकात घ्या. देणगीचं आवाहनही त्याच्याच तोंडून, मध्यंतराआधी. तीननंतर अर्धी बैठक पेंगत असते.

माइकवर ५ हजार जाहीर करणारा दुसऱ्या दिवशी भेटत नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. दरवेळी त्याची नियत खोटी असते असं नाही, सरकारी आधारभूत खरेदी केंद्रावर दिलेल्या धानाचे चुकारे (पैसे) आलेले नसतात. तेव्हा जमा झालं तेवढंच पुकारावं, बाकीच्यांची सही आणि तारीख वहीत घ्यावी. क्यूआर कोड रुग्णाच्या किंवा संस्थेच्या खात्याचा असावा, अध्यक्षाच्या मोबाइलचा नको. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून छापील क्रमांकाचं पावतीपुस्तक हवंच. उरलेली तिकीटबुकं मध्यंतरात परत घेऊन तिघांनी मोजावी आणि आकडा तिथेच फळ्यावर लिहावा.

नोंदणी नसलेल्या मंडळाला अशा वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, नंतर हिशेबही द्यावा लागतो. गणपतीत हे आठवतं, नाटकाच्या वेळी नाही. खरं तर लोकांच्या पैशाचा चोख व्यवहार विदर्भाला नवा नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनाला लोटणाऱ्या गर्दीतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण बाबा त्यांचे मालक झाले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे गेली.

आपल्या दैनिकाला एक विनंती. मदतीच्या प्रयोगाची बातमी छापताना मंडळाकडून परवानगीचा क्रमांक मागून घ्यावा आणि महिनाभरानं जमा, खर्च, पोचलेली रक्कम हे तीन आकडे त्याच पानावर छापावेत. जे मंडळ आकडे देणार नाही, त्याच्या पुढच्या प्रयोगाची बातमी घेऊ नये.

— नाट्यमंडळांचे काही कार्यकर्ते, जि. गडचिरोली