आयटीआयचे १५० तास कोणी आखायचे?

माननीय संपादक,

कौशल्य प्रशिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा नव्या यंत्रांवर आणि नव्या कोर्सच्या नावांवर येऊन थांबते. आयटीआयचा अभ्यासक्रम केंद्राकडून येतो, परीक्षाही देशभर एकच. त्यात गोव्यातल्या पेडणे किंवा काकोड्याच्या संस्थेला फारसा बदल करता येत नाही. पण त्याच अभ्यासक्रमात एक जागा मोकळी आहे. पहिल्या वर्षाच्या १२०० तासांत ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे आणि १२० रोजगार कौशल्यांचे. त्याशिवाय दरवर्षी १५० तास जवळच्या उद्योगात प्रत्यक्ष कामावर घालवायचे. उद्योग मिळाला नाही तर गटाने प्रकल्प करण्याची मुभा आहे. या मुभेचा आधार शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावा. हे १५० तास कसे वापरायचे ते वेर्णा, कुंडई, तुये इथल्या औद्योगिक वसाहतींत रोज पाना हातात धरणाऱ्यांनी ठरवावे, एवढीच आमची मागणी आहे.

एसीचेच काम घ्या. तांब्याची नळी कटरने कापली की आतल्या कडेला बर, म्हणजे धातूची धारदार किनार, राहते. ती रीमरने (कड घासण्याच्या हत्याराने) काढताना नळीचे तोंड खाली धरायचे, नाहीतर कीस आत पडतो आणि पुढे कॅपिलरीत (गॅसच्या बारीक नळीत) अडकतो. बर तशीच ठेवून फ्लेअर केला, म्हणजे जोडासाठी नळीचे तोंड पसरट केले, तर तो नीट बसत नाही. त्या दिवशी गळती दिसत नाही, महिन्याभराने थंडावा कमी झाल्याची तक्रार येते. मग नट जोर लावून आवळतात आणि फ्लेअर फाटतो. पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरे, पण त्यासाठी टॉर्क पाना हवा आणि तो मुलाच्या हातात पडायला हवा. व्हॅक्यूमचेही, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढण्याचेही, तसेच. दहा मिनिटे पंप लावून काम संपत नाही, आणि आपल्या पावसाळी हवेत तर नाहीच. मायक्रॉन गेजवर (आतला उरलेला दाब मोजणाऱ्या मीटरवर) आकडा ५०० च्या खाली उतरला पाहिजे आणि पंप बंद केल्यावरही फारसा चढता कामा नये. आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार करते आणि शेवटी त्याच्या मोटरचे वाइंडिंग जळते. एसीतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून तो आधी काढून घ्यायचा, नळ्यांतून नायट्रोजन फिरवायचा आणि मगच सांधा जोडायला ज्योतीचा टॉर्च लावायचा.

समुद्रकाठी याहून वेगळी एक अडचण आहे. खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पात्या तांब्याच्या नळीला लागून असतात तिथूनच कुजू लागतात. गोड्या पाण्याने, कमी दाबाने, आतून बाहेरच्या बाजूला धुवायचे. जेट मारला की पात्या वाकतात आणि हवा अडते. कळंगुट-कोलव्याच्या हॉटेलांत मेन्टेनन्स सांभाळणाऱ्यांना हे जेवढे ठाऊक असते तेवढे पुस्तकातून येत नाही.

म्हणून सुरुवात यादीपासून करावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये निदेशकांनी (आयटीआयच्या शिक्षकांनी) परिसरातल्या दहा-पंधरा ठिकाणी जाऊन दुरुस्ती करणाऱ्यालाच विचारावे: आठवड्यात कोणती कामे येतात, आणि कोणती पुन्हा तक्रार होऊन परत येतात? एचआर मॅनेजरला विचारले तर ‘शिस्त आणि इंग्रजी’ हेच उत्तर मिळते. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे जास्त मोलाची, कारण १५० तास त्यांच्यावरच खर्च करायचे आहेत. संस्था व्यवस्थापन समितीत उद्योगाचे प्रतिनिधी असतात, त्यांच्या बरोबरीने दोन प्रत्यक्ष कारागीरही बसवावेत.

वेळही इथलीच पाहावी लागेल. डिसेंबरात हॉटेलवाल्यांना मुले सांभाळायला फुरसत नसते. सीझन सुरू होण्याआधी, सप्टेंबरात, खोल्या रिकाम्या असतात आणि सगळी युनिटे धुऊन-तपासून घ्यायची असतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चतुर्थीची सुट्टी सोडून नेमके तेव्हाच पाठवावे. आठ तासांच्या हिशेबाने १९ दिवस होतात. सोबत चार रकान्यांची वही द्यावी: काम कोणते, नुसते पाहिले की मदत केली की स्वतः केले, काय चुकले, आणि शिकवणाऱ्या मेकॅनिकची सही. ‘स्वतः केले’ हा शेरा दहा कामांपुढेही नसेल तर ते १५० तास झाले असे धरू नये. नाहीतर मुलगा तीन आठवडे सामान वाहतो आणि शेवटच्या दिवशी शिक्का मिळवतो.

साहित्याचाही विचार व्हावा. १५ मीटरच्या तांब्याच्या कॉइलमधून २० मुलांना प्रत्येकी ७५ सेंटिमीटर नळी येते. दर वेळी ५ सेंटिमीटर कापली तर १५ फ्लेअर. हात बसायला एवढे पुरत नाहीत. यंत्रखरेदीला निधी मिळतो, पण नळी, नायट्रोजन आणि वेल्डिंग रॉड यांसाठीची तरतूद वर्षाच्या मध्येच संपली की प्रात्यक्षिकाचे रूपांतर प्रात्यक्षिक बघण्यात होते.

अप्रेंटिस कायद्याचीही इथे अडचण होते. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घेणे बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसे असलेल्यांना ऐच्छिक. केंद्र विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना कमाल १५०० रुपयांपर्यंत, उचलते. पण म्हापशातले तीन माणसांचे एसी रिपेअरिंगचे दुकान यात बसतच नाही, आणि मुलांना खरे काम अनेकदा तिथेच शिकायला मिळते. अशा चार-पाच दुकानांना १५० तासांपुरते आयटीआयशी जोडून, शिकवणाऱ्या मिस्त्रीला दिवसाचे मानधन देता येईल. संस्थेच्या पातळीवर हा निर्णय येत्या फेब्रुवारीआधी घ्यावा, म्हणजे सप्टेंबरची तुकडी त्यात सामील होऊ शकेल.

आपले,
तंत्रशिक्षणाशी निगडित काही वाचक, फोंडा