आपला तांदूळ तपासायचा आहे, हातभार लावा

गावातल्या, नोकरीधंद्यासाठी गोवा-पुणे-कोल्हापूरला असलेल्या सर्व ग्रामस्थांना आणि सासरी नांदणाऱ्या लेकींना ग्रामस्थ मंडळ व महिला मंडळाचा सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातलं आपलं शिवार भातावर जगतं. डोंगरावरची खाण बंद पडली, पण खड्डा आणि उकरलेल्या मातीचा ढीग तसाच उघडा आहे. मिरग बरसला की ते पाणी ओढ्याने थेट खालच्या वाफ्यांत उतरतं. पाणी आटलं की वाफ्यावर लालसर साय धरते, नखाने उचलली तर पापुद्र्यासारखी सुटते. तिथलं रोप उपटून पाहिलं तर मुळं आखूड आणि तांबडी. अर्ज-विनंत्या करून झाल्या. आता आधी आपलं आपण तपासून घ्यायचं ठरलं आहे.

आम्ही कुणावर आरोप करत नाही. गुडघेदुखी गावात घरोघरी आहे, ती खाणीमुळेच आहे असं आमचं म्हणणं नाही. पण जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी काय झालं ते प्रत्येकाने ऐकावं. वरच्या कामिओका खाणीतलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू, नदीत आलं, नदीतून भातखाचरांत आणि भातातून माणसांच्या पोटात गेलं. मूत्रपिंडं निकामी झाली, हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडायची. त्रास झाला तो बहुतेक उतारवयातल्या बायकांना. त्या कळवळून ‘इताई, इताई’ म्हणायच्या, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. तेच त्या आजाराचं नाव पडलं. सरकारने तो प्रदूषणाचा आजार असल्याचं १९६८ मध्ये मान्य केलं. शेतं साफ करण्याचं काम १९७९ मध्ये सुरू झालं, ते २०१२ मध्ये संपलं.

तपासणीशिवाय उपाय का करता येत नाही, हे नीट समजून घ्या. भाताच्या वाफ्यात पाणी तुंबून राहिलं की कॅडमियम मातीत अडकून राहतं, पाणी काढलं की ते मोकळं होऊन दाण्यात चढतं. आर्सेनिकचं, म्हणजे सोमलाचं, बरोबर उलटं आहे. पाणी उभं असलं की तेच भातात जास्त जातं. म्हणजे अंदाजाने ‘पाणी ठेवा’ म्हणावं तर एक विष कमी व्हायचं आणि दुसरं वाढायचं. आपल्या लाल, आंबट मातीत चुना घातल्याने कॅडमियमला आळा बसतो, पण तोही किती घालायचा हे मातीच तपासून ठरतं. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह येतं. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पैसे भरून वेगळी चाचणी करावी लागते. पॉलिश केलेल्या तांदळात किलोमागे ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम नसावं, असं कोडेक्स हे आंतरराष्ट्रीय अन्नमानक सांगतं. आपला आकडा आपल्या हातात हवा.

शिजवल्याने धातू नाहीसा होत नाही. भरपूर पाण्यात भात शिजवून पेज काढून टाकली तर आर्सेनिक काही प्रमाणात जातं. पण आपल्याकडे तीच पेज आजाऱ्याला आणि लेकराला पाजतात, म्हणून हे सांगताना जीव कासावीस होतो. अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या शरीरात कॅडमियम जास्त शोषलं जातं आणि मूत्रपिंडात साठलेलं निम्मं व्हायलाच १० ते ३० वर्षं लागतात. पालेभाजी मात्र आजपासूनच तीन पाण्यांनी धुवा, वर बसलेली धूळ तरी जाईल.

सुगीच्या वेळी ओढ्यालगतच्या आणि लांबच्या अशा दोन्हीकडच्या शेतांतून माती आणि भात, शिवाय पिण्याच्या विहिरींचं पाणी घ्यायचं आहे. एका नमुन्याचा खर्च एका घराने उचलला तरी मोठं काम होईल. ज्यांना पैसे शक्य नाहीत त्यांनी नमुने पोचवायला गाडी द्यावी. रक्त-लघवी तपासणीसाठी एखादे डॉक्टर दिवसभर आले तर बायकांची मोठी सोय होईल. कार्यालयांतून येणारी कागदपत्रं कन्नडमध्ये असतात. ती मराठीत समजावून सांगणारं आणि आपलं म्हणणं कन्नडमध्ये नीट लिहून देणारं माणूस आम्हाला पैशाइतकंच हवं आहे.

वर्गणी दर रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात स्वीकारली जाईल. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चाचणीचा अहवाल आला की, आकडा चांगला असो वा वाईट, तो तिथेच सर्वांसमोर वाचला जाईल. नमुने काढायला येणाऱ्यांनी लाकडी किंवा प्लास्टिकचं खुरपं आणि कोऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणाव्यात; पत्र्याचं घमेलं नको, त्याचाच धातू मातीत उतरतो.